अण्णांची बीपीची गोळी आणि फॉर्म १४-ए

अण्णा पडले ते खऱ्या गोळीने. खोट्या गोळ्या त्यांनी पावसाळा सरता सरता सुरू केल्या आणि उत्तरायणापर्यंत, म्हणजे संक्रांतीपर्यंत, इमानेइतबारे घेतल्या. त्यातली एकही बाधली नाही. बाधणार कशी, आत काही असलं तर ना!

अण्णा म्हणजे माझे सासरे. ऐंशी ओलांडलेले. साराभाई केमिकल्सच्या पॅकिंग खात्यात हयात गेलेली. आम्ही वडोदऱ्यात दांडिया बाजारात राहतो. इथल्या जुन्या मराठी घरांतला एखादा तरी माणूस अॅलेम्बिकमध्ये नाहीतर साराभाईत असायचाच. अॅलेम्बिक १९०७ सालची आणि तिच्या संस्थापकांत अमीनांच्या जोडीला प्रोफेसर कोटिभास्कर होते, हे अण्णा आल्यागेल्या पाहुण्याला सांगतात. औषधांच्या गावात, औषधवाल्याच्याच घरात नकली गोळी येऊन राहिली, ही गोष्ट त्यांच्या फार जिव्हारी लागली. मला त्यापेक्षा पुढचं जे झालं ते जास्त लागलं.

तर बीपीची गोष्ट. अण्णांना बरीच वर्षं टेल्मिसार्टन ४० मिलिग्रॅमची एक गोळी चालू आहे. घरी मशीन आहे, वही आहे. वहीत वर्षानुवर्षं १३०-१३५ च्या आसपासचे आकडे. नवरात्राच्या सुमारास ते १५० झाले, दिवाळीत १६०, मग एकदा १७४. डॉक्टरांनी काय काय विचारलं नाही! लोणचं किती, पापड किती, झोप लागते का, गुडघ्यासाठी मनाने दुखण्याची गोळी घेता का (त्या गोळ्यांनीही बीपी चढतं). शेवटी त्यांनी विचारलं, “अण्णा, गोळी चुकत नाही ना?” त्यावर अण्णांनी जो चेहरा केला तो मी विसरणार नाही. चाळीस वर्षं मोजून गोळ्या भरणाऱ्या माणसाला हे विचारायचं!

गोळी चुकत नाही, बीपी तर चढतंय. डॉक्टर काय करणार? कुठलाही शहाणा डॉक्टर करील तेच त्यांनी केलं. टेल्मिसार्टन सकाळ-संध्याकाळ केली आणि जोडीला क्लोरथॅलिडोन दिलं, लघवीवाटे मीठपाणी काढणारं. ते दवाखान्याखालच्या दुकानातून आणलं. आकडे थोडे उतरले, १५० च्या घरात आले. चला, लागू पडलं, म्हणून आम्ही निवांत झालो.

उत्तरायणाला वडोदऱ्यात दुकानं दोन दिवस बंद असल्यासारखीच. वासी उत्तरायणाच्या, म्हणजे संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी अण्णांची टेल्मिसार्टन संपत आली आणि आमचा नेहमीचा मेडिकलवाला शटर लावून गच्चीवर पतंग उडवत होता. नवऱ्याने सयाजीगंजातल्या दुसऱ्या दुकानातून आणली. तीच कंपनी, तोच डबा, तीच ४० मिलिग्रॅम. आठवडाही झाला नसेल, एका पहाटे बाथरूमकडे जाताना अण्णा उभ्याचे खाली कोसळले. कपाळाला खोक, डोळे अर्धे मिटलेले. मशीन लावलं तर ९२/५६. मला वाटलं, मशीन बिघडलं. दवाखान्यात घेतलं तेही तेवढंच आलं. रक्तात सोडियम खाली गेलेलं. टाके पडले, सलाईन लागलं, रात्रभर तिथेच ठेवलं.

डॉक्टर पुन्हा प्रश्नांवर आले. काय बदललं? खाणं? नाही. उंधियू तर दरसाल खातातच. डोस? तुम्हीच ठरवलेला. मग नवरा सहज म्हणाला, “काहीच नाही हो, फक्त दुकान बदललं.” डॉक्टर लिहीत होते, त्यांनी पेन खाली ठेवलं. “दोन्ही दुकानांच्या स्ट्रिपा आहेत का घरी? टाकू नका.”

त्यांनी जे समजावलं ते सांगते, कारण नकली औषधाचा धोका म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर विष येतं. तेही खोटं नाही. अण्णांच्या पिढीला १९८६ चं मुंबईचं जे. जे. हॉस्पिटल आठवतं, तिथे ग्लिसरीनमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल होतं आणि १४ रुग्ण गेले. लेंटिन चौकशी आयोग त्यावरच बसला. तेच रसायन २०२५ मध्ये छिंदवाड्याला लहान मुलांच्या खोकल्याच्या औषधात निघालं. पण अण्णांच्या गोळीत विष नव्हतं. डॉक्टर म्हणाले, ज्या गोळीत काहीच नसतं ती आधी डॉक्टरला फसवते. रोगी सांगतो की औषध घेतोय, मशीन सांगतं की बीपी चढलंय, मग डॉक्टर समजतो की औषध पुरत नाही. तो डोस दुप्पट करतो, दुसरं औषध जोडतो, ते जोरकस निवडतो. हा सगळा मांडलेला हिशेब एका शून्यावर उभा असतो. आणि एक दिवस त्या शून्याच्या जागी अचानक खरी गोळी येते, दिवसातून दोनदा. वर लघवीच्या गोळीने शरीर आधीच कोरडं पडलेलं. माणूस पडतो. प्रतिजैविकाच्या बाबतीत असं झालं तर ताप उतरत नाही म्हणून पुढचं, आणखी भारी प्रतिजैविक सुरू होतं. मधुमेहात इन्सुलिन वाढवलं जातं. उलटा प्रकारही होतो, चांगलं औषध ‘याला लागू पडत नाही’ म्हणून कायमचं बाद होतं.

शेवटी ते म्हणाले, “मी डोस दुप्पट केला तेव्हा पाकिटाकडे बघितलंच नाही. आम्ही कुणीच बघत नाही.”

घरी आल्यावर अण्णांनी पलंगावर बसून दोन्ही स्ट्रिपा मागितल्या, चष्मा मागितला, वर टॉर्च मागितली. टेल्मिसार्टन हवेतला ओलावा ओढून घेतं, म्हणून ती दोन्ही बाजूंनी अॅल्युमिनियम असलेल्या जाड पट्टीत येते. त्यांनी आधी अंगठ्याने पट्टी वाकवून बघितली. सयाजीगंजातली ताठ होती, आमच्या दुकानातली जरा लुळी. मग त्यांनी बॅच नंबरवर बोट ठेवलं. पट्टीवरची नावं, सूचना, लाल रेघ हे सगळं आधीच छापून आलेलं असतं. बॅच नंबर, तयार केल्याची तारीख, मुदत आणि किंमत मात्र पॅकिंगच्या वेळी मशीनवर पडतात, त्यामुळे ती छपाई कधी किंचित वर सरकते, कधी खाली, शाई वेगळी दिसते. “ही बघ, ही सरकलीय. मशीनवरचा पोरगा झोपेत असेल,” ते खऱ्या पट्टीकडे बघून म्हणाले. दुसऱ्या पट्टीवर सगळं एकसारखं होतं. बॅच नंबर जणू कंपनीच्या नावाबरोबरच छापला होता, सगळ्या खणांवर तंतोतंत त्याच जागी. “इतकं सुबक काम आमच्या लाइनवर कधी झालं नाही,” हे त्यांचं प्रमाणपत्र!

माझ्या धाकट्याने मोबाइल काढला. १ ऑगस्ट २०२३ पासून खपातल्या मोठ्या ३०० ब्रँडांवर क्यूआर कोड सक्तीचा आहे. त्यात औषधाचं नाव, कंपनीचा पत्ता, बॅच, तारखा, लायसन्स नंबर असं सगळं असावं लागतं. आम्हाला वाटलं होतं, नकली असेल तर कोड उघडणारच नाही. उघडला की! नाव बरोबर, कंपनी बरोबर. पण मोबाइलवर आलेला बॅच नंबर एक आणि पट्टीवर छापलेला दुसरा. कुठल्यातरी खऱ्या डब्यावरचा कोड उचलून सगळीकडे छापला असणार. प्रत्येक पट्टीला वेगळा नंबर असावा अशी या नियमात सक्ती नाही, त्यामुळे कोडची नक्कल करणं काही अवघड नाही. कोड उघडतो की नाही एवढंच बघून भागत नाही. आत काय लिहिलंय ते पट्टीशी अक्षर न अक्षर जुळवून बघावं लागतं. आता आमच्याकडे ते काम धाकट्याचं.

दुसऱ्या दिवशी मी आमच्या मेडिकलवाल्याकडे गेले. इतक्या वर्षांचा संबंध, मुलं त्यांना काका म्हणतात. पट्टी दाखवताच भाईंचा सूर बदलला. “बेन, आपणे त्यां बधो माल कंपनीनोज आवे.” मग जरा मऊ होऊन, “पत्तां पाछां आपी दो, हुं बदली आपुं.” बदलून देतो म्हणजे पुरावाही गेला आणि तक्रारही गेली. मी पट्टी पर्समध्ये टाकली आणि घरी आले. कंपनीला ईमेल केला, फोटो जोडले. त्यांचं उत्तर आलं, पट्टी कुरियरने आमच्याकडे पाठवा. अण्णा म्हणाले, एकही पाठवायची नाही, आधी सरकारी चाचणी.

मी एका कारखान्याच्या हिशेबखात्यात काम करते, बिलं टाकायची मला सवय नाही. डब्यात सगळी मिळाली. आणि तिथेच पहिली ठेच लागली. बिलावरचा बॅच नंबर पट्टीवरच्या नंबराशी जुळेना! दुकानदाराच्या कॉम्प्युटरवर एका बॅचचा साठा दाखवत असणार आणि हाताला आलेल्या दुसऱ्या डब्यातून त्याने माल काढून दिला असणार. घाईच्या वेळी अशी सरमिसळ होत असेल. पण कागदावर बघितलं तर ही पट्टी आम्ही त्या दुकानातून घेतलीच नाही. बिल हातात असून हात रिकामेच.

प्रयोगशाळेबद्दल आम्हाला डॉक्टरांनीच सांगितलं. गुजरात सरकारची अन्न आणि औषध प्रयोगशाळा आमच्याच गावात, निजामपुऱ्याकडे पॉलिटेक्निकजवळ आहे. त्या रस्त्याने मी असंख्य वेळा गेले असेन. मला वाटायचं, तिथे फक्त खात्याचे लोक नमुने घेऊन जातात. पण औषधे आणि सौंदर्य प्रसाधने कायदा, १९४० याच्या कलम २६ प्रमाणे औषध विकत घेणारा कुणीही माणूस ठरलेली फी भरून सरकारी विश्लेषकाकडून ते तपासून घेऊ शकतो, आणि विश्लेषकाच्या सहीचा रिपोर्ट त्याच्या हातात मिळतो. अर्ज फॉर्म १४-ए मध्ये, रिपोर्ट फॉर्म १४-बी मध्ये. फी कुठल्या चाचण्या करायच्या त्यावर.

खिडकीवरचे साहेब भले होते. असा अर्ज घेऊन घरगुती माणूस फारसा येत नसावा, कारण त्यांनी आधी मला बसवलं, पाणी दिलं आणि मग विचारलं, “केटली गोळी छे?” माझ्याकडे एक अख्खी पट्टी आणि अर्धवट एक. त्यांनी मान हलवली. गोळीत औषध किती आहे हे काढायला वीस गोळ्या वजन करून त्यांचं चूर्ण करतात. औषध पोटात किती सुटतं ते बघायला आणखी सहा गोळ्या वेगळ्या भांड्यांत फिरवतात. वजन सारखं आहे का, गोळी फुटते का, आत तेच रसायन आहे का, प्रत्येकाला वेगळ्या गोळ्या. आणि सगळ्या एकाच बॅचच्या, सील न उघडलेल्या. “आटलामां न थाय, बेन.”

आता त्याच बॅचच्या गोळ्या आणायच्या कुठून? दुकानात तर भाई सावध झालेले. मी हताश होऊन घरी आले, तर अण्णांनी उपाय सांगितला. “गल्लीत फिर. इथे कोण बीपीची गोळी घेत नाही?”

खरंच होतं ते. दांडिया बाजारात संध्याकाळी ओटल्यांवर बसलेली मंडळी म्हणजे बीपी, साखर आणि थायरॉइडचं संमेलनच असतं. मी गेले आणि आपापल्या गोळ्या दाखवा म्हटलं. लोकांनी घरातून काय काय काढलं! बिस्किटांचे डबे, पावडरचे डबे, हळदीकुंकवाची जुनी करंडी, एका आजोबांची शर्टाच्या खिशातली पाच दिवसांची पुडी. गोळ्या कापून पट्टीचे तुकडे केलेले, ज्या तुकड्यावर नाव होतं त्यावर बॅच नव्हता. कुणी पट्टी फेकून गोळ्या डबीत ओतलेल्या. एक काकू म्हणाल्या, “नाव काय बघायचं, गुलाबी ती बीपीची.” दोघांतिघांना मी टेल्मिसार्टनऐवजी दुसरीच गोळी घेताना पकडलं, तो वेगळाच विषय. शेवटी मागच्या बोळातल्या माईंकडे घबाड सापडलं. माईंचा मुलगा कॅनडात. तो वर्षभराच्या औषधांचे पैसे एकदम पाठवतो आणि माई एकदम माल भरून ठेवतात, पापडांसारखा. त्याच दुकानातून, त्याच बॅचच्या, सील न फोडलेल्या भरपूर पट्ट्या. आणि त्यांच्या बिलावर बॅच नंबरही तोच!

फॉर्म १४-ए भरायला बसलो तर त्यात अर्जदाराने जाहीर करायचं असतं की हे औषध मी, किंवा माझ्यासाठी, विकत घेतलं आहे, आणि घेतलं तेव्हा होतं तसंच देतो आहे, त्याला हात लावलेला नाही. आमच्या नावाने माईंची औषधं देता येईनात. मग अर्जदार माईच झाल्या. ‘औषध तपासायला देण्याचं कारण’ या रकान्यात मी लिहिलं होतं की औषधाचा परिणाम दिसत नाही, क्यूआर कोडातला बॅच जुळत नाही. माईंनी वाचून पाहिलं आणि म्हणाल्या, “माझ्या चकरेचंही लिही.” त्यांना महिनाभर डोकं जड वाटत होतं, मोतीबिंदूमुळे असेल म्हणून त्या गप्प होत्या. ते लिहिलं. माईंना रिक्षाने नेलं, फी भरली, पट्ट्या पाकिटात बंद करून दिल्या, पोच घेतली.

तोवर दुसरीकडे नवऱ्याने ‘खोराक अने औषध नियमन तंत्र’ या, म्हणजे गुजरातच्या अन्न आणि औषध खात्याच्या कचेरीत लेखी तक्रार दिली. गुजरातीत, दोन पानं, पट्ट्यांचे फोटो, दोन्ही बिलं, डॉक्टरांची चिठ्ठी. औषध निरीक्षक एक तरुण मॅडम होत्या. क्यूआर कोडातला बॅच आणि छापलेला बॅच शेजारी शेजारी दाखवल्यावर त्या आणखी काही विचारत बसल्या नाहीत. त्यांनीच आम्हाला फरक समजावला. तुमचा १४-बी रिपोर्ट तुमच्यासाठी. खात्याला दुकानदारावर खटला घालायचा तर नमुना निरीक्षकाने स्वतः, कलम २३ प्रमाणे, दुकानातून घ्यायला हवा. म्हणजे दुकानात त्या बॅचचा माल सापडायला हवा.

सापडला. विक्रीच्या फळीवर नव्हता, घाऊक व्यापाऱ्याला परत करायच्या मालाच्या खोक्यात होता. मी समोरच्या झेरॉक्सवाल्याकडे उभी होते, तिथून सगळं दिसत होतं. मॅडमनी फॉर्म १७, म्हणजे नमुना घेत असल्याची दुकानदाराला द्यायची सूचना, भरला. पट्ट्यांचे चार भाग केले, चार पाकिटं, लाख वितळवून प्रत्येकावर शिक्का. एक भाग दुकानदाराकडेच राहतो, एक सरकारी विश्लेषकाला, एक कोर्टाला आणि एक ज्याच्याकडून माल आला त्याला. मग त्यांनी पर्स उघडून त्या पट्ट्यांचे पैसे मोजून दिले! मला वाटलं, जप्तीच्या मालाचे कसले पैसे. पण कायदाच तसा आहे, नमुन्याची वाजवी किंमत द्यायची, आणि दुकानदाराने घेतली नाही तर तशी पावती करायची. भाईंनी घेतले. नोटा गल्ल्यात टाकताना हात थरथरत होते. त्या दिवशी मला त्यांची कीव आली, आणि माझ्या नवऱ्याला मुळीच आली नाही. आमच्या घरात त्यावरून अजून दोन पक्ष आहेत.

भाईंना माल कुणाकडून आला ते सांगणं कायद्याने भाग होतं. त्यांनी खरेदीचं बिल काढून दिलं. नेहमीचा घाऊक व्यापारी सोडून जास्त कमिशन देणाऱ्या एका नव्या माणसाकडून त्यांनी तो माल उचलला होता. पुढे मॅडमकडून एवढंच कळलं की त्या बिलावरचा लायसन्स नंबर भलत्याच कुणाचा होता. दुकानदाराने लायसन्सवाल्याकडून माल घेतलेला असेल, वाजवी काळजी घेऊनही दोष कळण्यासारखा नसेल आणि माल नीट ठेवलेला असेल, तर कायदा त्याला वाचवतो. इथे तो मुद्दाच लटका पडला.

माईंचा रिपोर्ट आला तो मी उभ्या उभ्या वाचला. गोळीचं दिसणं: ठीक. वजन: सारखं. पाण्यात फुटणं: वेळेत. आणि ज्या रसायनासाठी ती गोळी घ्यायची ते टेल्मिसार्टन: ओळख पटत नाही, प्रमाण नगण्य. अण्णांनी रिपोर्ट मागून घेतला आणि बराच वेळ बघत राहिले. “गोळी चांगली दाबलीय,” म्हणाले. “मशीन चांगलं आहे मेल्यांचं.” बहुतेक गोळ्यांत लेबलावरच्या आकड्याच्या ९० ते ११० टक्के औषध चालतं, एवढी सूट फार्माकोपियातच, म्हणजे औषधांच्या दर्जाच्या अधिकृत ग्रंथातच, असते. हिला ती सूट लागू व्हायचाही प्रश्न नव्हता.

मला वाटलं, संपलं. पण रिपोर्टात ‘प्रमाणित दर्जाची नाही’ एवढंच म्हटलेलं होतं, नकली हा शब्द नव्हता. मॅडम म्हणाल्या, खऱ्या कंपनीचीही एखादी बॅच बिघडू शकते. नकली ठरवायला कंपनीने लेखी सांगायला हवं की ही बॅच आमची नाही. २०२४ मध्ये केंद्रीय औषध नियंत्रकांच्या मासिक यादीत नावाजलेल्या गोळ्या नापास झाल्या तेव्हाही कंपन्यांनी हेच सांगितलं होतं, की हा माल आम्ही बनवलेलाच नाही. या एका पत्रावर शिक्षा फिरते. नुसतं दर्जाहीन निघालं तर एक ते दोन वर्षं, आणि २०२३ च्या जन विश्वास कायद्यापासून ते तडजोडीनेही मिटवता येतं. नकली ठरलं तर कमीत कमी सात वर्षं ते जन्मठेप. त्याने माणसाचा जीव जाण्यासारखा किंवा गंभीर इजा होण्यासारखी असेल तर दहा वर्षांपासून वर, आणि दंड निदान दहा लाख. तेव्हा कळलं कंपनीला पट्टी हवी होती ती कशासाठी. खात्याने तिला भाग पाठवला, आणि आमची बॅच नाही असं तिचं पत्र आलं.

नागपूरच्या नणंदेला हे सांगितलं तर ती म्हणाली, आमच्याकडे सरकारी दवाखान्यातल्या सिप्रोफ्लॉक्सासिन या प्रतिजैविकाच्या गोळ्या अशाच निघाल्या, आत टाल्कम पावडर आणि स्टार्च, पाकिटावर गुजरातच्या कंपनीचं नाव, आणि गुजरातेत शोधलं तर अशी कंपनीच नाही! सरकारी खरेदीत हे घुसतं तर गल्लीतल्या दुकानाची काय कथा.

सगळ्यात जोखमीचं काम रिपोर्टानंतरच होतं. गल्लीत बातमी पसरली आणि लोक खरी गोळी आणायला धावले. कुणाकुणाचे डोस आधीच वाढलेले होते, अण्णांसारखेच. डॉक्टरांनी निरोप दिला, गोळी बदलण्याआधी प्रत्येकाने वही आणि सगळी पाकिटं घेऊन या. मनाने डोस कमी करू नका, मनाने बंदही करू नका. एका संध्याकाळी त्यांनी आमच्याच ओटल्यावर बसून सगळ्यांचं बीपी घेतलं. कुणाचं जोडऔषध काढलं, कुणाला परत एकवेळची गोळी केली, दोघांची रक्ततपासणी सांगितली. अण्णांचं क्लोरथॅलिडोन तर केव्हाच सुटलं होतं. आता पुन्हा एक गोळी, सकाळी, आणि आकडे १३२, १३६. औषधाचा गुण न येणं हीसुद्धा नोंदवायची गोष्ट आहे, हेही तेव्हाच कळलं. इंडियन फार्माकोपिया कमिशनच्या औषधसुरक्षा कार्यक्रमाचा फुकट नंबर आहे, १८००-१८०-३०२४. डॉक्टरांनी अण्णांची आणि माईंची नोंद तिथे केली.

आता आमच्याकडे पट्टी संपेपर्यंत कापत नाहीत. शेवटची गोळी बॅच नंबराच्या बाजूची राहील अशी घेतात. दुकानात बिलावरचा बॅच पट्टीशी तिथेच जुळवते, मागे रांग लागली तरी. नव्या दुकानदाराला माझा वैताग येतो, येऊ दे.

खटल्याचं काम कोर्टात गेलं आहे. माईंचा मुलगा कॅनडाहून फोन करून सारखा विचारतो, आईला साक्षीला बोलावतील का, या वयात कशाला. माईंनी कपाटातून इरकल काढून इस्त्रीला दिली आहे. तारीख अजून लागलेली नाही.